दवाखाना आणि घर यांच्या मधलं घर

मे 2025 मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी विनारोकड उपचारांची योजना लागू केली. अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, माणशी दीड लाख रुपयांपर्यंत. आधी पैसे भरा म्हणून अडवणारी रुग्णालयं आणि त्यापायी गेलेले जीव आठवले, की ही योजना फार उशिरा आली असंच वाटतं. पण ज्याच्या डोक्याला जबर मार लागला आहे, त्याचा सातवा दिवस बहुधा आयसीयूतच उजाडतो. मेंदूच्या सुजेला जागा मिळावी म्हणून कवटीचा तुकडा काढून ठेवलेला असतो, घशात नळी असते आणि बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टर सांगत असतात, ‘अजून बहात्तर तास काही बोलता येणार नाही.’ हा माणूस वाचला तर पुढे तीस-चाळीस वर्षं जगणार असतो, कारण असा मार लागणाऱ्यांत दुचाकीवरची तरुण मुलं फार असतात. त्या वर्षांसाठी आपल्याकडे जवळजवळ काहीच नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे 2022 साली देशात 4,61,312 अपघात झाले, 1,68,491 माणसं मेली आणि 4,43,366 जखमी झाली. जखमींची वर्गवारी ‘गंभीर’ आणि ‘किरकोळ’ अशी. गंभीर म्हटलेल्यांत मांडीचं हाड मोडून सहा महिन्यांत कामावर परतलेला माणूस आहे आणि सकाळी काय खाल्लं हे दुपारी न आठवणाराही आहे. रस्त्यांवरून नजर हटवली तरी यादी लांबते. बांधकामाच्या परांचीवरून पडलेले मजूर, पक्षाघात झालेले, हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालं पण मधल्या मिनिटांत मेंदूला प्राणवायू मिळाला नाही असे, मेंदूज्वरातून उठलेले. कारणं वेगळी असली तरी रुग्णालयातून सुटी मिळते त्या दिवशी घरच्यांपुढचा प्रश्न एकच असतो.

या प्रश्नाचं स्वरूप बाहेरच्यांना कळणं कठीण, कारण माणूस दिसायला ठीक असतो. डोकं जोरात आपटतं तेव्हा मेंदू कवटीच्या आत पुढेमागे आदळतो. कपाळामागचा आणि कानशिलांकडचा भाग सर्वांत जास्त दुखावतो, आतले लांब तंतू ताणले जातात, तुटतात. कपाळामागच्या भागाची कामं म्हणजे ठरवणं, सुरुवात करणं, वेळेवर थांबणं, समोरच्याचा चेहरा पाहून स्वतःला आवरणं. हा भाग गेला की आंघोळ कशी करायची ते माणूस क्रमवार सांगतो, पण कुणी ‘ऊठ’ म्हटल्याशिवाय उठत नाही. घरचे म्हणतात, आळशी झालाय. पाहुण्यांसमोर तो नको ते बोलतो, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावतो, शेजाऱ्याकडून उसने पैसे घेतो आणि विसरतो. घरचे म्हणतात, डोकं फिरलंय. आणि आपल्यात काही बदललं आहे हे बऱ्याचदा त्यालाच उमगत नाही, कारण उमगण्याचं काम करणारा भागच दुखावलेला असतो. ‘मला काय झालंय? मला गाडीची चावी द्या,’ हा संवाद अशा प्रत्येक घरात होतो.

ग्लासगोमध्ये नील ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याला गंभीर मार लागलेल्यांच्या नातेवाइकांना वर्षानुवर्षं विचारून पाहिलं. 1986 साली त्यांनी पाच वर्षांनंतरची उत्तरं छापली. 74 टक्के नातेवाइकांनी सांगितलं की माणसाचा स्वभाव बदलला आहे. हे प्रमाण पहिल्या वर्षापेक्षा जास्त होतं. म्हणजे काळ जाईल तसं घर सावरेल ही समजूत उलटी निघाली. हात-पाय लुळे पडल्याचं ओझं घरं पेलतात, स्वभावाचं पेलत नाहीत. या विषयावर जे काही लिहिलं गेलं आहे त्यातली ही नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण निवासी केंद्राची गरज तिथूनच सुरू होते. रुग्णालयाला आता या माणसात करण्यासारखं काही उरलेलं नसतं आणि एकट्या आईला किंवा बायकोला तो झेपत नाही. दोहोंच्या मध्ये एक तिसरी जागा लागते. तिथे असे काही जण एकत्र राहतात, शिकलेली माणसं सोबतीला असतात, आणि उपचार म्हणून जे चालतं ते मुख्यतः रोजचं जगणंच असतं.

ही कल्पना युद्धांनी जन्माला घातली. पहिल्या महायुद्धात डोक्यात गोळी घेऊन जगलेल्या जर्मन सैनिकांसाठी कुर्ट गोल्डश्टाइन यांनी फ्रँकफुर्टमध्ये संस्था काढली. तिच्यात दवाखाना होता, मानसशास्त्राची प्रयोगशाळा होती, शाळा होती आणि कामाची शेडही होती. गोल्डश्टाइन यांनी टिपलेली एक गोष्ट आजही अशा घरांत पदोपदी दिसते. त्यांचे सैनिक आपलं कपाट कमालीचं नीटनेटकं ठेवत. एक वस्तू कुणी हलवली तरी कोसळत, थरथरत, रडत. गोल्डश्टाइन यांनी याला खोड मानलं नाही. बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची ताकद गेलेला माणूस आपलं जग लहान आणि स्थिर करून घेतो, आणि ते हललं की त्याचा सगळा तोल जातो, असं त्यांनी मांडलं. 1933 साली नाझींनी त्यांना अटक केली, नंतर ते देश सोडून गेले.

दुसऱ्या महायुद्धात उरल पर्वताच्या दक्षिण भागात किसेगाच इथल्या आरोग्यधामात अलेक्सान्द्र लुरिया यांनी असंच रुग्णालय चालवलं. 1943 साली गोळी लागलेला त्यांचा एक तरुण रुग्ण, झासेत्स्की, लिहू शकत होता, पण आपलंच लिहिलेलं त्याला धड वाचता येत नव्हतं. पुढची पंचवीस वर्षं तो लिहीत राहिला, सुमारे तीन हजार पानं. त्याच्यावरचं लुरियांचं पुस्तक जगभर वाचलं गेलं. त्या कहाणीतली एक साधी बाब मात्र सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. रुग्णालयातून सुटल्यावर तो आई आणि बहिणींच्या घरी राहिला. त्याच्या जिद्दीचं कौतुक झालं, त्या घराची नोंद फारशी कुणी घेतली नाही. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास ऑलिव्हर झँगविल एडिनबराच्या मेंदू-इजा केंद्रात काम करत होते. गेलेली क्षमता परत आणायची, तिला पर्याय द्यायचा की तिच्यावाचून जगायला शिकवायचं, हा प्रश्न त्यांनी तिथे नेटका मांडला.

1973 च्या योम किप्पूर युद्धानंतर इस्रायलमध्ये येहुदा बेन-यिशाय यांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. तोवर स्मरणशक्तीचा तास वेगळा, बोलण्याचा वेगळा, समुपदेशन वेगळं अशी पद्धत होती. त्यांनी मोजक्या माणसांचा गट केला आणि दिवसाचे कित्येक तास, आठवड्यातले बरेच दिवस, महिनोन्‌महिने तो गट एकत्र ठेवला. डॉक्टरने सांगितलेलं न पटणाऱ्या माणसाला त्याच्यासारखाच दुसरा माणूस सांगतो तेव्हा पटतं, हा त्यांच्या पद्धतीचा कणा. ‘तू मघाशी हेच तीनदा सांगितलंस,’ असं बायको म्हणाली तर भांडण होतं. गटातला सोबती म्हणाला तर माणूस वही काढतो. न्यूयॉर्कमध्ये बेन-यिशाय यांनीच हे काम पुढे नेलं, ओक्लाहोमात आणि नंतर फीनिक्समध्ये जॉर्ज प्रिगटानो यांनी, कोपनहेगनमध्ये 1985 पासून आने-लीसे क्रिस्तेन्सेन यांनी. इंग्लंडमधल्या इली गावात 1996 साली बार्बरा विल्सन यांनी केंद्र उघडलं आणि त्याला झँगविल यांचं नाव दिलं.

ही बहुतेक दिवसाची केंद्रं. ज्यांचं वागणंच आवाक्याबाहेर गेलं होतं, जे मारहाण करत, कपडे काढून फिरत, त्यांना तिथे प्रवेश नव्हता. मनोरुग्णालयांना ती माणसं मनोरुग्ण वाटत नव्हती, शारीरिक पुनर्वसन करणारे हात लावत नव्हते. 1979 साली नॉर्दम्प्टनच्या सेंट अँड्र्यूज रुग्णालयात पीटर ईम्स आणि रॉजर वुड यांनी अशांसाठी निवासी विभाग सुरू केला. शिस्त कडक होती. चांगल्या वागण्याला टोकन, टोकनच्या बदल्यात सवलती. आज ते वाचताना अंगावर येतं. मोठ्या माणसाला असं वागवायचं का, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो रास्त आहे. तरी 1985 साली त्यांनी 24 रुग्णांचा जो पाठपुरावा छापला, त्याने एक मोठा गैरसमज मोडला. यातल्या पुष्कळांना इजा होऊन वर्षं उलटली होती, सगळीकडून ते नाकारले गेले होते, आणि तरीही त्यांच्यात टिकाऊ सुधारणा झाली. पहिल्या सहा महिन्यांत व्हायचं ते होतं, नंतर काही होत नाही, हे वाक्य आपल्याकडचे डॉक्टर अजूनही सहज बोलतात. ते खरं नाही हे चाळीस वर्षांपूर्वी दिसलेलं आहे. पुढे टोकनं मागे पडली. माणूस चिडतो त्याआधी काय घडतं ते पाहा आणि ते बदला, ही समज राहिली.

अशा चांगल्या घरात दिवसभर होतं तरी काय? पाहायला गेलं तर फार साधं. सहा-आठ माणसं. प्रत्येकाची खोली, दारावर त्याचं नाव आणि फोटो, कारण बोळातली सगळी दारं सारखी दिसतात. स्वयंपाकघराच्या कपाटांवर आत काय आहे त्याची चित्रं. भिंतीवर मोठा फळा, त्यावर आजचा वार, आज कोण कामावर आहे, आज भाजी कुणी चिरायची. सकाळी चहा करायचा तर त्याची पायऱ्यापायऱ्यांची यादी शेगडीजवळ लावलेली. मदतनीस चहा करून देत नाही. तो शेजारी उभा राहतो आणि माणूस चुकायच्या आत पुढची पायरी सुचवतो. यामागे शास्त्र आहे. अॅलन बॅडले आणि बार्बरा विल्सन यांनी 1994 साली दाखवलं की स्मरणशक्ती गेलेला माणूस चुकांमधून शिकत नाही. काय केलं होतं हे त्याला आठवत नाही, पण चुकीची सवय मात्र हाताला लागते. म्हणून त्याला चुकू न देता शिकवायचं. ‘आठव, आठव बघू’ असा घरच्यांचा प्रेमळ आग्रह नेमका उलटा परिणाम करतो, हे किती घरांना कुणी सांगितलेलं असतं?

विल्सन यांच्याच गटाने 2001 साली आणखी एक प्रयोग छापला. 143 जणांना कमरेला लावायचा पेजर दिला, त्यावर ठरलेल्या वेळी संदेश येई. गोळी घे, डबा भर, आईला फोन कर. प्रयोग पुरा करणाऱ्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांना ठरवलेली कामं पूर्वीपेक्षा नक्की जमू लागली. आज हे काम कुणाच्याही मोबाइलमध्ये होतं. पण मोबाइल बघायची सवय लावायला कुणीतरी महिना-दोन महिने रोज सोबत लागतं, आणि ते ‘कुणीतरी’ म्हणजेच निवासी घर.

फिनिअस गेजची गोष्ट मानसशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असते. 1848 साली व्हर्मॉन्टमध्ये सुरुंग ठासताना लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली, तो वाचला, पण उर्मट आणि बेभरवशाचा झाला. पुस्तकं इथेच थांबतात. गेज त्यानंतर सुमारे बारा वर्षं जगला आणि त्यातली बरीच चिलीमध्ये घोडागाडी हाकण्यात गेली. घोडे जुंपणं, उतारू, ठरलेला रस्ता, ठरलेले थांबे, रोज तेच. ऑस्ट्रेलियन अभ्यासक माल्कम मॅकमिलन यांनी जुने कागद शोधून असं मांडलं की त्या बांधीव दिनक्रमानेच गेजला पुष्कळसं सावरलं असावं. मला हे पटतं. आतून ठरवण्याची ताकद गेलेल्या माणसाला दिवस बाहेरून आखून मिळाला, तर तो कामाचा माणूस होऊ शकतो.

निवासी घराच्या उपयोगाला पुरावा किती भक्कम आहे? इथे प्रामाणिक राहायला हवं. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात 120 सैनिकांचे दोन गट केले. एकाला आठ आठवडे निवासी उपचार, दुसऱ्याला घरी राहून फोनवर मार्गदर्शन. 2000 साली निकाल छापला गेला. वर्षानंतर दोन्ही गटांतले नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त सैनिक कामावर परतले होते, फरक नव्हता. निवासी केंद्रांवर खर्च कशाला, असं म्हणणाऱ्यांना हा निकाल फार आवडतो. पण ते सैनिक तरुण होते, बऱ्यापैकी सावरलेले होते, आणि त्यांची नोकरी वाट पाहत होती. त्याच अभ्यासात तासाभराहून अधिक बेशुद्ध राहिलेल्यांना वेगळं काढलं तेव्हा निवासी उपचारांकडे कल दिसला. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्याचा सूरही साधारण असाच. मार सौम्य असेल तर बहुतेकांना नीट माहिती आणि थोडा धीर पुरतो. मार गंभीर असेल तर जास्त उपचारांनी सुधारणा लवकर होते, आणि सहजीवनाच्या पद्धतीलाही काही आधार आहे, मर्यादित असला तरी. म्हणजे प्रत्येकाला निवासी घराची गरज नाही. ज्याला आहे त्याला दुसरं काही पुरत नाही.

आणि हीच जागा बिघडली की भीषण बिघडते. अमेरिकेत 1980 नंतर विमा कंपन्यांचा पैसा या क्षेत्रात आला आणि निवासी केंद्रांच्या साखळ्या उभ्या राहिल्या. विम्याची रक्कम संपेपर्यंत माणसाला ठेवून घ्यायचं, संपली की बरा झाला म्हणून घरी, अशा तक्रारींवर 1992 साली काँग्रेसच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. वीस वर्षांनी फ्लोरिडातल्या एका मोठ्या संस्थेत राहणाऱ्यांना मारहाण होत असल्याचं पत्रकारांनी उघड केलं. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ज्याला कालचं आठवत नाही तो तक्रार करू शकत नाही, आणि केली तरी ‘त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून कुणी ऐकत नाही. एवढा दुबळा रहिवासी दुसऱ्या कुठल्या वसतिगृहात नसेल. म्हणून बाहेरच्या माणसांची ये-जा, अचानक तपासणी आणि नातेवाइकांना कधीही येण्याची मुभा या सोयी म्हणून असून चालत नाही. त्या नसतील तर ते घर बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा बिघाड कमी ठळक, पण जास्त पसरलेला. जागाच नसली की तरुण माणूस वृद्धाश्रमात जातो. मॅसॅच्युसेट्स राज्यात हजारो मेंदू-इजाग्रस्त प्रौढ शुश्रूषागृहांत पडून होते. 2007 साली त्यांच्या वतीने ‘हचिन्सन विरुद्ध पॅट्रिक’ हा खटला झाला, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि राज्याला वस्तीतल्या लहान घरांसाठी पैसा बाजूला काढावा लागला. ऑस्ट्रेलियात वृद्ध-शुश्रूषेची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने 2019 च्या अंतरिम अहवालात असंच बोट ठेवलं. पासष्टीच्या आतली सुमारे सहा हजार माणसं वृद्धांसाठीच्या निवासांत राहत होती. पस्तिशीतला माणूस ऐंशीच्या माणसांत सायंकाळी पाचला जेवून झोपतो, दर महिन्याला आसपासचं कुणीतरी मरतं, आणि शिकलेलंही तो विसरत जातो.

पैशांची सोय ज्यांनी मुळापासून केली, त्यांच्याकडे चित्र बदललं. न्यूझीलंडने 1974 पासून अपघातात चूक कुणाची हे न पाहता भरपाई देण्याची पद्धत आणली. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने 2006 साली कायदा केला. गाडीच्या सक्तीच्या विम्यातच एक हप्ता जोडला आणि त्यातून रस्त्यावर गंभीर जखमी झालेल्याचा उपचार, मदतनीस आणि पुनर्वसनाचा खर्च आयुष्यभर दिला जातो. मला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो तो स्वीडनचा कायदा. 1 जानेवारी 1994 पासून लागू झालेल्या या कायद्यात मदतीचा हक्क असलेल्यांचे तीन गट आहेत, आणि त्यातला दुसरा गट खास प्रौढ वयात मेंदूला इजा होऊन कायमची बौद्धिक हानी झालेल्यांचा आहे. दिवसाचं काम, सोबतीला माणूस, सामूहिक घर हे सगळं मागण्याचा त्यांना अधिकार आहे. नगरपालिकेने नाकारलं तर न्यायालयात दाद मागता येते. सामूहिक घर म्हणजे मोजक्या माणसांची स्वतःची छोटी घरं, स्वतःच्या मोरीसह आणि स्वयंपाकाच्या ओट्यासह, आणि मध्ये एक सामाईक खोली. दार लावून घेण्याचा हक्क त्यात आपोआप येतो.

आपल्याकडे हा माणूस कायद्याच्या कुठल्या रकान्यात बसतो? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. चेतासंस्थेच्या दीर्घ आजारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावं आहेत, मेंदूच्या इजेचं नाही. एक बाजू लुळी पडली असेल तर हातापायाच्या टक्क्यांवर प्रमाणपत्र मिळतं, वाचा गेली असेल तर वाचेच्या. ज्याचे हातपाय शाबूत आहेत पण ठरवणं आणि आठवणं गेलं आहे, तो सिव्हिल हॉस्पिटलच्या मंडळापुढे चालत जातो, नाव-गाव सांगतो आणि चाळीस टक्क्यांच्या आत राहतो. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रौढांच्या सामूहिक घरांसाठी ‘घरौंदा’ नावाची योजना आहे. पण तो न्यास स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा मनोविकारांची व्याख्या करताना स्मृती आणि विचारांतला बिघाडही धरतो, आणि अर्ध्या वाटेवरची घरं व आधाराची निवासस्थानं देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. हा दरवाजा मेंदूच्या इजेसाठी उघडता येईल असं मला वाटतं. आज मात्र आपल्या राज्यात सरकारी आसरा म्हणून डोळ्यांपुढे येतात ती येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयंच. मेंदूला मार लागलेल्याची तिथे सोय नाही आणि ती तिथे असूही नये.

या पोकळीत माणसं काय करतात याचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईतच घडलं. 27 नोव्हेंबर 1973 रोजी केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि 18 मे 2015 पर्यंत, जवळजवळ 42 वर्षं, त्या तिथेच एका खाटेवर राहिल्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. नव्या मुलीला जुनी ताई दाखवायची, अरुणाताईंना कसं भरवायचं, कशाने त्या शांत होतात. महापालिकेने त्यांना हलवायचं ठरवलं तेव्हा परिचारिकांनी विरोध करून तो बेत हाणून पाडला. 2011 साली त्यांच्याबाबतच्या इच्छामरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केईएमच्या या माणसांनाच त्यांचे जवळचे मानलं. या प्रकरणाची चर्चा मरणाच्या हक्काभोवती झाली. मला त्यात जगण्याची बाजूही तेवढीच मोठी दिसते. महापालिकेच्या एका वॉर्डात, कुठल्याही योजनेशिवाय, चार दशकं उत्तम निवासी शुश्रूषा झाली. ते कौशल्य आपल्याकडे आहे. ते एका रुग्णापुरतं आणि परिचारिकांच्या मायेपुरतं राहिलं.

बाकीच्यांसाठी काय आहे? हाजी अली इथली 1955 पासूनची केंद्रीय पुनर्वसन संस्था आहे, बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या ठिकाणी मेंदू-मानसशास्त्राचे विभाग आहेत. जोधपूरच्या राजघराण्याने मुलाला पोलो खेळताना झालेल्या इजेनंतर 2007 साली भारतीय शिरोघात प्रतिष्ठान उभं केलं. मोठ्या शहरांत रुग्णालयानंतरचे काही आठवडे ठेवून घेणारी खासगी केंद्रं निघाली आहेत. त्यांचं काम उपयोगाचं आहे, पण दर दिवसावर असतो आणि महिन्याचा आकडा ऐकून मध्यमवर्गीय घर मागे फिरतं. मग मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोमधून आलेला मुलगा बारा तास बसतो. त्याला डायपर बदलायला आणि नळीतून भरवायला येतं. माणूस चिडला तर काय करावं, त्याच्याकडून चहा कसा करवून घ्यावा, हे कुणी शिकवलेलं नसतं. नवरा असेल तर बायकोची नोकरी जाते, मुलगा असेल तर आईचं सगळंच. इजा बाईला झाली असेल तर काही घरांतून तिला माहेरी पोचवलं जातं, आणि पुढचा हिशेब म्हाताऱ्या आईवडिलांच्या वयाशी होतो. ‘आमच्या मागे याचं कोण?’ हे वाक्य मतिमंद मुलांच्या पालकांनी चळवळ करून सरकारच्या कानावर घातलं. मेंदूला मार लागलेल्यांचे पालक विखुरलेले आहेत, कारण त्यांची मुलं एका शाळेत कधी नव्हती.

घरं काढायची तर ती आपल्या पद्धतीची हवीत. इंग्लंडमध्ये माणसाला स्वतःचं जेवण रांधता येणं हे ध्येय असतं. ज्याने जन्मात गॅस पेटवला नाही अशा साताऱ्याच्या माणसाला भाकरी थापायला लावली, तर त्याचे आईवडील म्हणणार, पोराला कामाला जुंपलं. त्याच्यासाठी गोठ्यातलं काम, दुकानातली मोजणी, देवळापर्यंत एकट्याने जाऊन येणं हे खरं शिक्षण ठरेल. आठवड्यातले काही दिवस घरी, काही केंद्रात, असं ये-जा ठेवता आलं तर ‘टाकलं’ हा बोल लागत नाही आणि घरच्यांनाही श्वास मिळतो. गणपती आणि दिवाळीला माणूस घरी गेला पाहिजे, आणि तो गेल्यावर काय सांभाळायचं याचा कागद त्याच्याबरोबर गेला पाहिजे.

पैसा अगदीच नाही असं नाही. अपघात दावा न्यायाधिकरणांपुढे मेंदूच्या इजेच्या खटल्यांत मदतनिसाचा खर्च मिळतो. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने एका मुलीच्या प्रकरणात चोवीस तासांच्या मदतनिसांचा खर्च तिच्या वयाप्रमाणे अनेक वर्षांच्या हिशेबाने धरला. ही रक्कम बँकेत ठेव म्हणून पडते, आणि खर्च होते ती ब्यूरोच्या माणसावर. तीच रक्कम देऊन जाता येईल असं घर उपलब्ध असतं, तर कित्येक कुटुंबांनी ते निवडलं असतं. तिसऱ्या पक्षाच्या सक्तीच्या विम्यावर न्यू साउथ वेल्ससारखा छोटा हप्ता बसवणं हे केंद्राचं काम आहे आणि ते व्हायला वेळ लागेल. महाराष्ट्राने 2022 च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागाला आजही करता येण्याजोगं काम म्हणजे पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वैद्यकीय महाविद्यालयाजवळ भाड्याच्या बंगल्यात आठ जणांचं एक घर सुरू करणं, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थ्यांची सहा महिन्यांची कामगिरी तिथे लावणं, आणि ब्यूरोतून येणाऱ्या मुलामुलींना तिथेच शिकवून प्रमाणपत्र देणं. प्रमाणपत्र हाती आलेल्यांना पगार जास्त द्यावा लागेल, आणि तो द्यावा. घरात कुणाला घ्यायचं हे ठरवताना टक्क्यांचं प्रमाणपत्र मागू नये. रुग्णालयाचा सुटीचा कागद आणि घरातल्या एका माणसाशी तासभर बोलणं पुरेसं आहे.